खिडकीनं काजळ धरलंय

कोथरूड, १२ नोव्हेंबर २०२४

ती. शैलजाताई,

नमस्कार. फोन सोडून पत्र लिहितेय, याचं तुम्हाला नवल वाटेल. पण फोनवर तुमचं-माझं बोलणं चौथ्या वाक्याला कुठे जातं ते आपल्या दोघींना माहीत आहे. शिवाय आमच्या या घरात फोनवर बोललेलं सगळं आईंना ऐकू जातं, आणि हे त्यांच्या कानावर जायला नको आहे.

शेजारची सोसायटी पुनर्विकासासाठी पाडायला घेतलीय. दसऱ्यापासून ब्रेकर चालू आहे. बाजूनं हिरवी जाळी लावलीय, ती बहुधा धुळीला वाट दाखवायला. घरात रोज सिमेंटचा थर बसतो. सगळ्यात वाईट अवस्था ड्राय बाल्कनीची. तुम्ही पूर्वी राहायला आला होतात तेव्हा तिथे नुसतं ग्रिल होतं. मग कबुतरांना कंटाळून आम्ही सरकत्या काचा बसवून घेतल्या. आता ती एक छोटी खोलीच झालीय. वॉशिंग मशीन, गॅस गिझर, कपडे वाळत घालायची दोरी आणि आईंची वेताची खुर्ची. थंडीत सकाळचं ऊन फक्त तिथेच येतं, म्हणून आई चहा घेऊन तिथे बसतात, ते सृष्टीची आणि माझी अंघोळ, धुणं, सगळं आटपेपर्यंत.

महिनाभर त्यांनी एकच धरून ठेवलंय. काच काळी झाली, काच पूस. मी पुसते. त्या बोट फिरवून पुन्हा दाखवतात. बाहेर पाडापाडी चालू आहे, धूळ येणारच, असं मी म्हणते. त्या म्हणतात, "बाहेरून नाही. आतून." मग पदरानं काच घासत बसतात.

एवढंच असतं तर मी लिहिलं नसतं. सकाळी त्या डोकं धरून बसतात, मळमळतं म्हणतात, चहाचा कप हातातून सुटतो. परवा सृष्टीला तुमच्या नावानं हाक मारली आणि शाळेला उशीर होईल म्हणून रागावल्या. दुपारपर्यंत पुन्हा बऱ्या असतात, पण सकाळचं काही आठवत नाही. डॉक्टरांनी डोक्याचं स्कॅन करून घेतलं. वयाच्या मानानं असतं तेवढंच आहे, पण सुरुवात असू शकते, म्हणाले. कशाची ते शुभंकरनं विचारलं नाही. मीही नाही.

मी दुपारी कॉलेजच्या ग्रंथालयात असते, सृष्टी बारावीच्या क्लासला, शुभंकर पहाटेच चाकणच्या बसनं गेलेला. आई एकट्या. धायरीच्या पुढे एक वृद्धाश्रम आहे. मी पाहून आले. स्वच्छ आहे, अंगण आहे. तुमची संमती असेल तर नाव घालावं म्हणते. शुभंकरला विचारलं तर म्हणाला, "तुम्ही दोघी ठरवा."

हे मी त्यांच्या काळजीपोटी विचारतेय, की मी दमलेय म्हणून? रोजनिशीत काल पहिलं कारण लिहिलं. रात्री ते खोडलं. दुसरंही खरं आहे, तेव्हा ते तुम्हाला कळलेलं बरं.

नम्रता

---

बडोदा, १९ नोव्हेंबर

नम्रता,

आशीर्वाद. पत्र पोचलं. अक्षर सुंदर आहे, मजकूर नाही.

वृद्धाश्रम नाही. 'काच पूस' म्हणणाऱ्या सगळ्या सासवांना धायरीला पाठवायचं ठरवलं तर तिथे नवीन पेठ वसेल. आईला मी दर पंधरवड्याला दुपारी फोन करते, ती माझ्याशी चांगली दोन-दोन तास बोलते. जेवणात काय होतं, कोणी मीठ जास्त घातलं, सगळं तिला आठवतं. मीठ तू घातलं होतंस.

तिला आयुष्यभर लख्ख काच लागत आली आहे. काच नीट पुसली गेली की ती गप्प बसेल. तू ओल्या फडक्यानं पुसत असणार. सिमेंटच्या धुळीवर ओलं फडकं फिरवणं म्हणजे गिलावा करणं आहे. आधी रंगाचा कोरडा ब्रश घे आणि धूळ वरून खाली ओढ. खाचांतली माती काढ, नाहीतर काच सरकली की तीच पुन्हा वर येते. जाळी काढून धू. तुमच्या बोअरचं पाणी वापरू नकोस, त्याचे पांढरे ठिपके पडतात. पिण्याचं पाणी घे, त्यात थोडं व्हिनेगर. काचेवर ऊन असताना पुसायचं नाही, पाणी जागच्या जागी वाळतं आणि ओघळ राहतात. शेवटी वर्तमानपत्राच्या बोळ्यानं कोरडं करायचं. आणि आतली बाजू आडवी पुसायची, बाहेरची उभी. म्हणजे डाग राहिला तर तो कुठल्या बाजूचा ते रेघेवरून कळतं, उगाच दोन्हीकडून घासत बसावं लागत नाही.

राहिल्या फटी. सरकत्या काचा कधीच घट्ट बसत नाहीत. चारी कडांना चिकटपट्टी लावून टाक, आणि पाडापाडी संपेपर्यंत उघडू नकोस. धूळ येणार नाही, आई बोलणार नाही, मला असली पत्रं येणार नाहीत.

तू दमली आहेस हे लिहिलंस ते बरं केलंस. मला राग आला नाही. थोडा आला.

शैलजा

---

कोथरूड, ८ डिसेंबर

ती. शैलजाताई,

तुम्ही सांगितलंत तसं अक्षरशः केलं. ब्रश, जाळी, खाचा, व्हिनेगर, सगळं. एक दिवस काच आहे की नाही कळत नव्हतं, एक कबूतर येऊन आपटलं. आई खुर्चीत बसून बघत होत्या. म्हणाल्या, "आज दिसतंय."

दुसऱ्या दिवशी पुन्हा काळपट झाली. मी चिकटपट्टी आणली. समोरच्या फ्लॅटमधली रझिया, बँकेत आहे ती, सुट्टीच्या दिवशी मदतीला आली. खालच्या कडेला टेप ओढता ओढता म्हणाली, "एवढं पॅक करून कुठे पाठवतेयस हे पार्सल?" आम्ही दोघी हसलो. आई हसल्या नाहीत. आम्ही दुहेरी टेप लावला, वाऱ्याची झुळूकही येणार नाही असा. सिमेंटची पूड खरंच थांबली. गिझरवर, मशीनवर आधी राखाडी थर बसायचा, तोही बसेनासा झाला.

पण काच काळी होतेच आहे, आणि आता जास्त. तुमच्या रेघांच्या हिशेबानं पाहिलं तर डाग आडवा आहे. म्हणजे आतून. याचा अर्थ मी आतून नीट पुसलंच नसणार. मला वाटतं मी ते मनापासून करत नाही, आणि आईंना ते कळतं.

गुरुवारी सकाळी त्या खुर्चीतून खाली पडल्या. मी अंघोळ करून बाहेर आले तर फरशीवर होत्या, कपाळाला खोक पडली होती, आणि मला ओळखत नव्हत्या. रझियानं गाडी काढली. दवाखान्यात पोचून तासभर झाला तशा बोलायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, असे झटके आता येत राहतील.

त्या आधी जे झालं तेही लिहायला हवं. त्याच सकाळी मी अंघोळीला निघाले तर त्यांनी माझा हात धरला आणि काचेकडे बोट दाखवून म्हणाल्या, "खिडकीनं काजळ धरलंय."

तुम्हाला आठवत असेल, सृष्टी झाली तेव्हा त्यांनी घरी काजळ केलं होतं. डॉक्टर नको म्हणाले म्हणून मी ते बाळाच्या डोळ्यांत घालू दिलं नाही. त्यांनी फक्त काजळाची डबी महिनाभर पाळण्याजवळ मला दिसेल अशी ठेवली. त्यामुळे तो टोमणा मला नेमका लागला. मी म्हटलं, "आई, सतरा वर्षांनी पुन्हा काजळ?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. टोमणा मारणारं माणूस असं बघत नाही. पण तेव्हा मी ते पाहिलं आणि बाजूला ठेवलं, काचेवरून एकदा फडकं फिरवलं आणि अंघोळीला गेले.

मला आता सकाळ झालेली नको वाटते. ताई, मला एकटीला हे होत नाही.

नम्रता

---

बडोदा, १४ डिसेंबर

नम्रता,

पाठव तिला.

मी येऊन तिला इकडे आणलं असतं. यांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा असतं, मला हलता येत नाही, हे तुला माहीत आहे आणि तू ते एकदाही काढलं नाहीस. मी इथे बसून काचा कशा पुसायच्या ते लिहीत होते. मला तेवढंच करता येत होतं.

तिची निळी शाल दे बरोबर. आणि खिडकीजवळची खाट मिळते का बघ.

तुझ्यावर राग नाही. या वेळी थोडाही नाही.

शैलजा

---

कोथरूड, ७ जानेवारी २०२५

ती. शैलजाताई,

नाताळच्या आधी आईंना धायरीला सोडून आलो. निळी शाल दिली. खाट खिडकीजवळचीच आहे. निघताना त्यांनी शुभंकरच्या डोक्यावरून हात फिरवला, माझ्याकडे बघून म्हणाल्या, "काच पुसत जा." एवढंच.

तुम्हाला आनंद होईल असं लिहायचंय. त्या बऱ्या झाल्यात. आठवडाभरात. चक्कर नाही, मळमळ नाही. सकाळी उठून शब्दकोडं सोडवतात. आमटीत गूळ नसतो म्हणून स्वयंपाकिणीशी भांडण काढलंय. रविवारी मी गेले तर मला सृष्टीच्या सराव परीक्षेची तारीख त्यांनीच सांगितली, मी विसरले होते. तिथल्या बाई म्हणाल्या, "घरात मनावर काही ताण होता का यांच्या?"

मी तिथून कोथरूडपर्यंत बसमध्ये उभी राहून आले. जागा होती.

माझ्या घरात त्या आजारी होत्या, आणि माझ्यापासून दूर गेल्याबरोबर बऱ्या झाल्या. यातून दुसरा अर्थ निघतो का, मी खूप शोधला. सतरा-अठरा वर्षं मी वावगं बोलले नाही, जेवण वेळेवर दिलं, औषधं चुकवली नाहीत. पण माणसाला घरात नकोसं करायला बोलावं लागतं असं कुठे आहे? त्यांना माझ्यातलं काहीतरी सहन होत नव्हतं, ते त्यांच्या अंगावर निघत होतं. शुभंकर म्हणतो मी फार विचार करते. तो विचार करत असता तर मला थोडा कमी करावा लागला असता.

आता सकाळी सृष्टी अंघोळीला गेली की मी आईंच्या खुर्चीत बसते. धुणं होईपर्यंत तिथेच असते. त्यांना काय दिसत होतं ते बघायचा प्रयत्न करते. डोकं फार दुखतं. काल चहाचा कप हातातून पडला. कणीक मळायला घेतली आणि पुढे काय करायचं ते सुचेना, हात तसाच परातीत. त्यांचं सगळं माझ्याकडे आलंय, आणि खरं सांगायचं तर मला ते योग्यच वाटतं. घरी असले की दुपारीही अंगात त्राण नसतं. ग्रंथालयात गेल्यावर तेवढं बरं वाटतं, म्हणजे मला घरच नकोसं झालंय की काय.

काच मात्र रोज पुसते. त्यांनी सांगितलंय म्हणून. आता आधी आतून.

पानाला माझ्या बोटांचा डाग लागलाय, अक्षरही नीट आलेलं नाही. पुन्हा लिहायला घेणार होते. होत नाही. असंच पाठवते.

नम्रता

---

बडोदा, १२ जानेवारी, रविवार सकाळ

नम्रता,

तुझं पत्र काल वॉचमनकडे पडून होतं, मला आत्ता मिळालं. तुला फोन केला, उचलत नाहीस. पुन्हा केला. शुभंकर सृष्टीला परीक्षेला सोडायला गेलाय, तो हडपसरला आहे, मागे फिरलाय. रझियाचा नंबर गेल्या दिवाळीला घेतला होता, ती आत्ता जिन्यात आहे, तुमच्या घराची किल्ली तिच्याकडे आहे म्हणाली. तिचा फोन येईपर्यंत मी हे लिहिते. हात रिकामे ठेवले तर माझ्याच्यानं राहवणार नाही.

तुझ्या दुसऱ्या पानावर अंगठा उमटलाय. काळा. सिमेंटची धूळ असेल म्हणून मी झटकला. झटकला गेला नाही. बोटानं पुसला तर पसरला, आणि माझं बोट काळं झालं, तेलकट काळं. पाडलेल्या इमारतीची धूळ राखाडी असते गं. हातावर कोरडी राहते. ही ती नाही.

हे मी ओळखते. लहानपणी आई काजळ करायची तेव्हा मी शेजारी बसून असायचे. निरांजन लावायचं, वर थोडं तूप लावलेली तांब्याची ताटली उपडी धरायची. वात मोठी आणि पिवळी ठेवायची. मग ताटलीवर काळं जमायला लागलं की ती म्हणायची, धरलं बघ काजळ. ती तुला टोमणा मारत नव्हती. ती भ्रमातही नव्हती. तिनं तुला जे होतं ते सांगितलं, तिला येत होतं त्या शब्दात. धुळीनं काच मळते, काजळ धरत नाही. काजळ धरायला खाली काहीतरी जळावं लागतं.

त्या बाल्कनीत जळतंय काय? गिझर. तुमच्या अंघोळी होईपर्यंत, गरम पाण्यातलं धुणं होईपर्यंत, तिच्या डोक्याच्या वर. पूर्वी तिथे ग्रिल होतं. मग काचा आल्या. मग मी चिकटपट्टी लावायला सांगितली. मी सांगितली.

रोज सकाळीच का, दुपारी बरी का, बाहेर गेली की बरी का. मी दुपारी फोन करत होते आणि तुला खोटी ठरवत होते. आणि आता त्या खुर्चीत तू बसतेस. आज रविवार, आज तू केस धुणार, चादरी धुणार.

तू काही केलेलं नाहीस. ऐकते आहेस का, तू तिला काही केलेलं नाहीस. गिझर बंद कर, काच फोड लागली तर, मी भरून देईन काच

रझिया. उचलते.

---

कोथरूड, २ फेब्रुवारी

ती. शैलजाताई,

तुमचं अर्धं पत्र मी दवाखान्यातून आल्यावर वाचलं. पुढचं रझियानं तोंडी पूर्ण केलं. मी खुर्चीतच होते, मान एका बाजूला, न्हाणीघरात बादली भरून वाहत होती आणि गिझर चालू होता. तिनं आधी नळ बंद केला, मग टेप ओढायला गेली तर तो निघेना, तेव्हा कुंडी उचलून काचेवर घातली. ती सगळ्यांना सांगते, पार्सल मीच बांधलं, मीच फोडलं. सांगताना हसते आणि मग उठून आत जाते.

दोन दिवस ऑक्सिजनवर होते. विषारी वायू रक्तात किती भिनला होता ते डॉक्टरांनी समजावून सांगितलं. त्याला वास नसतो. मेकॅनिकनं गिझर उघडला तर आतला बर्नर सिमेंटच्या धुळीनं बुजलेला, त्यामुळे ज्योत निळीऐवजी पिवळी जळत होती आणि काजळी धरत होती. म्हणजे मीही अगदी चुकीची नव्हते, सुरुवात बाहेरच्या धुळीनंच केली होती. हे मला कळल्यावर क्षणभर बरं वाटलं. मग त्या बरं वाटण्याची लाज वाटली.

तुम्ही लिहिलंत की मी काही केलेलं नाही. ते मी रोज वाचते. पूर्ण पटत नाही. आई बोलल्या की मी काच पुसायचे. त्या काय म्हणतायत हे मी एकदाही खाली बसून विचारलं नाही. काच पुसणं सोपं होतं. चिकटपट्टीचं तुम्ही मनावर घेऊ नका, हात माझे होते. तेही मनावर घेतलंत तर वाटून घेऊ.

गेल्या रविवारी मी आणि शुभंकर धायरीला गेलो. त्यानं आईंना सगळं सांगितलं. इतकं सलग बोलताना मी त्याला लग्नानंतर पाहिलं नव्हतं. आई शब्दकोडं खाली ठेवून ऐकत होत्या. डॉक्टरांनी आम्हाला आधीच सांगितलंय की हरवलेलं थोडं परत येणार नाही. डिसेंबरमधली पडण्याची सकाळ त्यांना आठवत नाही, काजळ म्हटलेलंही आठवत नाही. सगळं ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे मला इथे टाकलंत म्हणून मी वाचले."

मी हो म्हटलं.

"मग आता न्यायला आलायत, की आणखी काही पुसायचं राहिलंय?"

मी त्यांच्या पायांशी फरशीवर बसले आणि रडले. त्यांनी निळी शाल माझ्या अंगावर टाकली आणि कपडे आवरायला घेतले. स्वयंपाकिणीला आमटीत गूळ किती घालायचा ते सांगून मग निघाल्या.

आज सकाळी त्या पुन्हा बाल्कनीत बसल्या होत्या. गिझर गेला, आता न्हाणीघरात विजेचा आहे. काचा काढून टाकल्या, पूर्वीसारखं ग्रिल आहे. शेजारी नव्या पायासाठी पायलिंगचं मशीन आलंय, घर हादरतं. एका तासात सगळीकडे धूळ होती, खुर्चीच्या हातावर, चहाच्या बशीत. एक कबूतरही आत येऊन गेलं. मी फडकं घेऊन गेले तर त्यांनी हातानं थांबवलं. ग्रिलच्या पट्टीवरून बोट ओढलं, उन्हात धरून नीट पाहिलं, मग माझ्यासमोर धरलं. राखाडी होतं. त्यांनी फुंकर घातली, उडून गेलं.

"ही धूळ," म्हणाल्या. "असू दे."

नम्रता